डाव्या कडेची बाई

३ जानेवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं खोकं काल पोचलं. पोस्टमनने दार किती वेळ बडवलं देव जाणे. मी आत निवांत पेपर वाचत बसलो होतो. शेवटी शेजारची शिंपीण खिडकीशी येऊन दोन्ही हात हलवायला लागली, तेव्हा कुठे मला कळलं. कान आता कामातून गेलेत, त्यामुळे फोनचं नाव काढू नकोस. पत्र लिहीत जा.

चारही सिनेमे बघून झाले. तुमच्या स्टुडिओचं कौतुक करायला बसलो होतो, पण जमत नाही. तो कोर्टाचा सिनेमा बघ. म्हातारा वकील गालांना मेण फासून आल्यासारखा दिसतो. त्याच्या सुरकुत्याही धूळ समजून पुसल्यात की काय? जुनी चित्रं साफ करा, पण अंघोळ घालताना पोराचं कातडं सोलू नका, एवढंच तुमच्या साहेबांना सांग.

बाकी कपाट आता गच्च भरलंय. खाली टेपा, मधल्या खणात डीव्हीडी, वर तुमच्या निळ्या डब्यांतल्या ब्लू-रे. फक्त त्या तेरा भागांच्या मालिकेची जागा वरच्या खणात रिकामी आहे. चार बोटं. तिथे दुसरं काही ठेवत नाही. ती मालिका कुणी मनावर घेईल का गं? की मी डोळे मिटल्यावर?

तुझा,
मामा

१५ जानेवारी

प्रिय मामा,

आधी खुर्ची ओढून बस. बसलास? तुझे तेरा भाग माझ्या टेबलावर आलेत.

हो, तेच. तुझी आईविना पोर ज्यांच्यासमोर मांडीवर बसून मोठी झाली, तेच. निगेटिव्हचे डबे उघडले तर सडलेल्या फिल्मचा, व्हिनेगरसारखा असा भपकारा आला की सगळा मजला नाक धरून बाहेर पळाला. रिळं एकमेकांना चिकटलेली. कशीबशी एकदा स्कॅन झाली आणि मग फेकूनच द्यावी लागली.

आता खरी गंमत ऐक. जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जायच्या. कॅमेऱ्याने टिपलेलं त्या कडांवरचं काही आजवर कुणी पाहिलेलंच नाही. या वेळी कंपनी अख्खी चौकट देणार आहे, म्हणजे तुला चारी बाजूंनी बोटभर जास्त घर दिसणार. पण त्या बोटभरात दिव्यांची स्टँडं आहेत, वायरी आहेत, कुणाचं कोपर आहे, कुणाची चप्पल आहे. ते एकेका चित्रातून पुसायचं काम माझ्याकडे. सेकंदाला पंचवीस चित्रं, कर हिशोब. एक भाग साहेबांनी मंजूर केला की त्याचं कच्चं स्कॅन सर्व्हरवरून काढून टाकतात, जागा पुरत नाही म्हणून.

आणि या कडांवर माझी एक सवत आहे. डाव्या बाजूला, अगदी टोकाला, स्टुलावर बसलेली एक बाई. जिथे ती बैठकीची खोली येते तिथे ही हजर. आमचे साहेब म्हणाले, दिवे लावताना नटीच्या जागी जिला बसवून ठेवतात, ती असणार. दिवे लागले की नटी येते आणि हिने कडेला सरकायचं. ती काही हलत नाही, बोलत नाही, नुसती बसते आणि माझं काम वाढवते. मी तिचं नाव डावी बाई ठेवलंय. रोज सकाळी मशीन लावलं की मी तिला मोठ्याने म्हणते, "बाई, जरा पलीकडे सरका," आणि मग पुसायला घेते. शेजारच्या टेबलावरचा रोज हसतो.

फिल्मचे बारीक दाणे राहू देईन, कुणाचा चेहरा मेणासारखा होऊ देणार नाही. तुझी शपथ.

तुझी,
खारूताई

२४ जानेवारी

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. आनंद झाला.

एक विचारतो. त्या बाईच्या अंगात काय आहे? स्वेटर असेल तर बटणं नीट बघून लिही. आणि बसताना पाय कसे ठेवते तेही बघ.

उगीच विचारतोय. म्हाताऱ्याला छंद दुसरा काय असतो.

कामाची घाई करू नकोस. सावकाश कर, अगदी सावकाश. आणि हे पत्र मिळालं की त्याच दिवशी उत्तर टाक.

मामा

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

रागावू नकोस. तू घाईघाईत ऑफिसचा पत्ता घातलास, आणि आमच्याकडे टपाल येतं हेच लोक विसरलेत. तुझं पाकीट खालच्या ट्रेमध्ये दोन आठवडे पडून होतं. आज हातात पडलं.

तुझी उत्तरं आधी देते. स्वेटर राखाडी, हाताने विणलेला. पाच बटणं, त्यातलं खालून दुसरं लाल आणि इतरांपेक्षा मोठं. डावा पाय स्टुलाच्या दांडीवर, उजवा जमिनीवर. झालं समाधान? बटणं मोजणारा रसिक मी दुसरा पाहिला नाही.

आता माझं ऐक, आणि हसू नकोस. एरवी हे मी लिहिलं नसतं.

अकरा भाग पुसून झाले, मंजूर झाले, त्यांची कच्ची स्कॅन गेली. पहिल्या भागात ती बाई पूर्ण बाजूने बसलेली होती, नुसता कान दिसायचा. चौथ्या भागात गाल दिसायला लागला. सातव्यात नाक आणि एक डोळा. मी म्हटलं, शूटिंग काही महिने चाललं असणार, माणूस रोज एकसारखं कशाला बसेल? पण अकराव्यात ती सरळ समोर बघते, मामा. पापणी न हलवता. पुसताना मी तिचा चेहरा शेवटी घेतला. हात होईना.

सोमवारी सकाळी बारावा उघडला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "बाई, जरा पलीकडे सरका." आणि चित्र सुरू केलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं. दोन सेकंद, फार नाही. मग उठली, स्टूल उचललं आणि चौकटीच्या बाहेर सरकून बसली. क्षणभर स्वेटरची बाही दिसली, नंतर तीही नाही.

मी मागे नेऊन दहादा पाहिलं. दर वेळी तेच. मला माहीत आहे, ते तीसएक वर्षांपूर्वी झालंय, तिला कुणीतरी सेटवर सरकायला सांगितलं असेल, माझा काय संबंध. पण तिथून पुढचं काम मी अजून हातात घेतलेलं नाही. शेजारचा आता हसत नाही. त्याने स्वतःची खुर्ची पलीकडे ओढून घेतली आहे.

त्या दृश्याला आवाज नाही, संवाद नंतर भरलेत. म्हणून एक गुन्हा केला. ती दोन सेकंदं कागदावर छापून घेतली, पन्नास चित्रं, आणि टाचून सोबत पाठवतेय. आम्हाला इथून साधा फोटो बाहेर नेता येत नाही, तेव्हा जपून ठेव. अंगठ्याने भरभर सोडलंस की ती बोलताना दिसेल. तू जन्मभर छापखान्याच्या खडखडाटात लोकांचे ओठ वाचलेस. ती काय म्हणते, तेवढं सांग.

खारू

१५ फेब्रुवारी

खारू,

काम थांबव. हे वाचत असशील तिथेच थांबव.

ती तुझी आई आहे.

तुझ्याकडे तिचा एकच फोटो, शाळेतला, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. उघड्या डोळ्यांची आई तुला आठवतच नाही, तर ओळखणार कशी? ते लाल बटण मी शिवलेलं आहे. राखाडी मिळेना, तर ती म्हणाली, "असू दे रे दादा, मला कोण बघतंय."

तुला मी सांगत आलो की ती टेलिफोन ऑफिसात होती. खोटं सांगितलं. त्या मालिकेचा दिवेवाला माझा दोस्त होता, त्याला सांगून मीच तिला तिथे लावलं. मलाच त्या दुनियेचं वेड. ती घरी आली की तिच्याकडून सगळं काढून घ्यायचो, आज काय झालं, कोण काय म्हणालं. छापखान्यातून आलो की माझे कान सुन्न असायचे, म्हणून ती आवाज न करता नुसत्या ओठांनी सांगायची. तू आमच्या मध्ये बसून दोघांची तोंडं बघायचीस.

बाराव्या भागाच्या दिवशी तिला ताप होता. "आज नको जायला," म्हणाली. मी म्हटलं, "एका दिवसाने काय होतंय? तुझ्यामुळे सगळ्यांचं अडेल." ती गेली. आठ तास त्या दिव्यांच्या झळीत बसून परत आली ती अंथरुणाला खिळली, आणि आठवडा काढला नाही तिने. मी तिला ढकलून पाठवलं, खारू. हे तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

ती मालिका मी पुन्हा पुन्हा विकत घेतली ती गोष्टीसाठी नाही. टेप आली तेव्हा वाटलं, कुठेतरी दिसेल. डीव्हीडी आली तेव्हा वाटलं, आता चित्र स्वच्छ आहे, एखाद्या आरशात, एखाद्या काचेत तिची सावली तरी सापडेल. ती त्या कडेच्या पलीकडे बसली आहे, हे मला ठाऊक होतं. तिथपर्यंत पोचता येत नव्हतं.

त्या दिवशी पत्रात सरळ लिहायला हवं होतं. बटणं कसली विचारत बसलो.

ओठांचं काही कळलं नाही. चित्रं पुसट छापली गेलीत.

मामा

२३ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर तू ते जन्मभर विसरला नसतास. म्हणून नाही लिहिलं.

अकरा भागांतून मी तिला पुसलं. एकेका चित्रातून, स्वतःच्या हाताने, नीट, किनार न सोडता. मी फार चांगलं काम करते, साहेब सगळ्यांना सांगतात. कुठे काही राहिलेलं नाही. डबे फेकले, कच्चं स्कॅन पुसलं. मी हातापाया पडून सर्व्हरवाल्याला शोधायला लावलं. तो म्हणाला, त्या जागेवर आता कसलीतरी कार्टून आहेत.

बाराव्यातली ती दोन सेकंदं तरी वाचवावी म्हणून धावत गेले. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रजेवर होते, आधीच्या दिवशीही. मला त्या बाईची भीती वाटायला लागली होती, मामा. माझ्याच आईची. शेजारच्याने बघितलं, हिला त्रास होतोय, म्हणून बिचाऱ्याने मदत केली. बारावा भाग त्यानेच पुसून मंजूर करून ठेवला. मला चहा आणून दिला वर. त्याला काय बोलणार?

म्हणजे आता या जगात तिचं हलतंबोलतं उरलंय ते तुझ्याकडचे पन्नास कागद.

मग तेरावा उघडला. स्टूल आहे. डाव्या कडेला, पहिल्यापासून होतं तिथेच. पण रिकामं. पूर्ण भागभर रिकामं, शेवटच्या चित्रापर्यंत. मी तिला रोज सरका म्हणत होते. ती शहाण्यासारखी सरकली आणि निघून गेली.

मी दार लावून घेतलं आणि स्क्रीनला म्हटलं, "आई, इकडे ये. कडेला नको, मध्ये ये. मी नाही पुसणार." मोठ्याने म्हटलं. तीनदा म्हटलं. काही झालं नाही. चित्र संपलं, नावांच्या पाट्या आल्या.

ते स्टूल मी पुसलेलं नाही. नोंदवहीत खोटं लिहिलं की ते नेपथ्यातलंच आहे. साहेबांनी सही केली. आता डिस्क छापायला जाईल. पहिला संच तुला पाठवायला सांगितलाय, दुसरा मला. त्या चार बोटांत ठेव, मला दाखवू नकोस.

तुझ्यावर रागावले आहे की स्वतःवर, ते अजून ठरत नाही.

खारू

९ एप्रिल

चि. खारूताईस,

तुझा राग गेला नसला तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच फाडू नकोस.

संच परवा आला. शिंपिणीने दारातून घेऊन ठेवला. दोन दिवस वेष्टन फोडलं नाही. आज सकाळी आवरलं, खिडक्या सताड उघड्या टाकल्या, भरपूर उजेड होऊ दिला, आणि म्हटलं बघू या तिचं ते स्टूल तरी. तेरावा लावला.

त्याआधी एक सांगायचं राहिलंय. तू लिहिलंस की तू सरक म्हणालीस म्हणून ती निघून गेली. तसं नाही गं. तेराव्याचं शूटिंग झालं तेव्हा ती जाऊन अकरा दिवस झाले होते. दिवेवाल्याने मला सांगितलं होतं, तिचं स्टूल त्याने हलवू दिलं नाही. म्हणून ते रिकामं दिसलं. तुझा त्यात काही दोष नाही, मी तुला हे फेब्रुवारीतच लिहायला हवं होतं. हे सगळं तुझ्या समाधानासाठी लिहून ठेवलं होतं, आणि आता ते पुरत नाही.

कारण खारू, स्टूल कडेला नाही.

बैठकीची खोली आली, नटी पाठमोरी बोलत होती. डाव्या कडेला कोरी भिंत. मी म्हटलं, पोरीने शेवटी पुसलंच. तेवढ्यात ती कडेकडून आत आली. हातात स्टूल. राखाडी स्वेटर, लाल बटण. नटीच्या मागून चालत गेली, कुणी तिच्याकडे बघत नाही, कुणाचा संवाद अडत नाही. टेबलाच्या बाजूला, बरोबर चित्राच्या मधोमध तिने स्टूल ठेवलं आणि बसली. डावा पाय दांडीवर.

या मालिकेचं एकेक चित्र मला पाठ आहे, हे तुला मी सांगायला नको. टेप काढून लावली, तिथे टेबलाजवळ कुणी नाही. डीव्हीडी लावली, कुणी नाही. ब्लू-रे पुन्हा लावली, ती बसलेली आहे. ताप असल्यासारखी दिसत नाही. बरी दिसते.

आता माझं दुसरं खोटं. तुझ्या पन्नास कागदांवरचे ओठ मला पहिल्याच वेळी वाचता आले होते. चित्रं पुसट नव्हती. तू "सरका" म्हटलंस त्यावर ती विचारते आहे, "एवढं पुरे?" हे तुला कुठल्या तोंडाने लिहिणार होतो? लिहिलं असतं तर तुला काय वाटलं असतं?

आज ती पुन्हा बोलली. अगदी शेवटच्या दृश्यात, सगळे खोलीतून निघून गेल्यावर. आवाज नाही, नुसते ओठ, घरी बोलायची तसे. मी पाच वेळा बघितलं, चूक होणार नाही. ती म्हणते, "इथे चालेल का?"

मी म्हटलं, "चालेल गं, चालेल." एवढा म्हातारा माणूस, भर सकाळी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. पण ती माझ्याकडे बघत नाही. तिची नजर माझ्या शेजारी आहे, जरा खाली. मी मान वळवून बघितलं. तिथे तुझी जुनी खुर्ची आहे, लहानपणीची, जिच्यावर मी पेपर टाकतो.

पाट्या येत नाहीत, खारू. ती विचारते आणि चित्र तिथेच थांबून राहतं. पाचव्या वेळेनंतर मी यंत्राला हात लावलेला नाही. ती वाट बघत बसली आहे.

पेपर उचलून ठेवलेत. ये.

मामा

१३ एप्रिल

मामा,

पत्र आत्ता मिळालं. माझा संच कपाटात तसाच बंद होता, तो फोडला आणि तेरावा लावला.

टेबलाजवळ कुणी नाही. मधोमध कुणी नाही. पाट्या नेहमीसारख्या येतात. मनात आलं, तू मला घरी बोलावण्यासाठी तिसरं खोटं रचलंस. तसं असतं तरी मी आले असते.

पण मग डाव्या कडेला पाहिलं. माझ्या प्रतीत स्टूल नाही. मी ते पुसलेलं नाही, मामा. दुसऱ्या कुणी हात लावायच्या आत मीच तो भाग साहेबांच्या सहीसाठी नेला होता, आणि त्यांनी सही केली तेव्हा स्टूल तिथे होतं. आता तिथे जमिनीवर नुसत्या चार पायांच्या खुणा आहेत.

हे पत्र आजच्या जलद टपालाने टाकतेय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. मी परवा सकाळच्या गाडीने निघते, दुपारी दारात असेन. दार वाजवून तुला ऐकू येणार नाही, तेव्हा उघडंच ठेव.

तोवर यंत्र बंद करू नकोस. वीज गेली तर काय करायचं ते मला माहीत नाही, पण तिच्यासमोरून उठू नकोस. तिने पुन्हा विचारलं तर माझ्या वतीने काही बोलू नकोस, ते मलाच सांगू दे. फक्त एवढं सांग, की तिला आता कुणी सरकायला सांगणार नाही.

खारू